आधी खड्डा, मग पंप



शेणाची स्लरी शेतात टाकायला पंप कोणता घ्यावा, हा आजचा विषय. कविता लिहिणाऱ्या माणसाचे या विषयात काय काम, असे काहींना वाटेल. त्याचे उत्तर सोपे आहे. माझे वडील तालुक्याच्या गावी इंजिन-मोटारींचे मिस्त्री होते. मी बी.ए. झालो, कवितेच्या वाटेला लागलो. पण अंगणात मांडून ठेवलेले पंखे, बेअरिंग, ग्लँडच्या दोऱ्या हे सगळे डोळ्यांत राहिले ते राहिलेच. आता ते काम धाकटा भाऊ बघतो. त्याच्याकडे हल्ली विहिरीवरच्या पंपांच्या जोडीला गोठ्यामागच्या खड्ड्यातले पंपही दुरुस्तीला येतात. त्यांतले बरेचसे बिघडलेले नसतात. ते चुकीच्या जागी बसवलेले असतात.

पंप घ्यायला गेले की दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, ‘किती एचपीचा देऊ?’ शेजाऱ्याने तीनचा घेतलेला असतो, म्हणून आपण पाचचा सांगतो. खरे तर एचपी हा अगदी शेवटचा प्रश्न. त्याआधी चार प्रश्न घरीच, खड्ड्याशेजारी उभे राहून स्वतःला विचारायचे. खड्ड्यात काय आहे? किती आहे? ते कुठवर न्यायचे आहे? आणि पंप अडला, तर तो मोकळा करणार कोण आणि कसा? या चौघांची उत्तरे मिळाली की पंप जवळजवळ आपोआप ठरतो. चौथा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण तो पैशांचा नाही, जिवाचा आहे.

पहिला प्रश्न, खड्ड्यात काय आहे? ताज्या शेणात शंभरातले सुमारे ऐंशी भाग पाणीच असते. गोबरगॅससाठी आपण शेणात तेवढेच पाणी घालून काला करतो, तेव्हा घन भाग दहाच्या आसपास येतो. संयंत्रातून बाहेर पडणारी स्लरी त्याहूनही थोडी पातळ असते, कारण घन भागातला काही हिस्सा गॅस होऊन चुलीवर जळून गेलेला असतो. ही स्लरी ताकासारखी वाहते. पण पाणी न घालता नुसते शेण आणि मूत्र साठवले, तर ते पिठल्यासारखे होते. ताकाचा पंप वेगळा आणि पिठल्याचा वेगळा, एवढे लक्षात ठेवले तरी निम्मे काम झाले.

शिवाय स्लरीत फक्त शेण नसते. जनावरांनी टाकलेले वैरणीचे चघळ असते, कडब्याची धांडी असतात, दाव्याचे धागे, पोत्याची सुतळी, प्लॅस्टिकच्या पिशव्या, खडे आणि गोठ्यातली मातीही असते. पंपाला शेणाचे वावडे नाही. त्याला वावडे आहे ते धाग्याचे आणि खड्याचे. धागा पंख्याला गुंडाळला जातो, खडा पंखा खातो. म्हणून पंपावर पैसे घालण्याआधी खड्ड्याच्या तोंडाशी एक लोखंडी जाळी बसवावी आणि ती रोज झाडावी. या जाळीला फार पैसे लागत नाहीत, आणि ती नसली तर महागडा पंपही दोन हंगामांत भंगारात जातो.

आणखी एक गोष्ट. स्लरी स्थिर राहिली की तिचे तीन थर होतात. वर चघळाची जाड साय, मध्ये पातळ पाणी, तळाशी गाळ. न ढवळता पंप लावला तर मधले पाणी तेवढे निघून जाते आणि खरे खत खड्ड्यातच राहते. मग लोक म्हणतात, पंप बरोबर नाही. आपल्याकडे एक जुने कोडे आहे. पान का सडले, घोडा का अडला, भाकरी का करपली? उत्तर एकच, न फिरवल्यामुळे. पंप का अडला, हेही त्यात खुशाल जोडावे. काही पंपांना एक फाटा असतो; त्यातून स्लरी परत खड्ड्यातच जोराने सोडून ढवळून घेता येते. असा फाटा आहे का, हे घेताना जरूर विचारावे. मात्र ढवळण्यात एक धोका आहे. त्याविषयी पुढे बोलतो.

दुसरा प्रश्न, किती? एक गाय दिवसाला साधारण दहा किलो शेण देते. म्हैस थोडे अधिक. दहा गाई असतील तर दिवसाचे १०० किलो शेण, त्यात तेवढेच पाणी, म्हणजे २०० लिटर. महिन्याला ६,००० लिटर. गोठा धुतलेले पाणी आणि मूत्र धरले तर सहज १०,००० लिटरपर्यंत जाईल. ऐकायला हे खूप वाटते. पण एक एकर म्हणजे सुमारे ४,००० चौरस मीटर. त्यावर १०,००० लिटर पसरले तर थर होतो अवघा अडीच मिलिमीटरचा. आणि मिनिटाला ३०० लिटर देणारा मध्यम पंप हे काम ३५ मिनिटांत संपवतो.

म्हणजे दहा जनावरांच्या गोठ्यात हा पंप महिन्यातून जेमतेम पाऊण तास चालणार. मग त्यासाठी मोठे कर्ज कशाला? शेजारच्या दोघा-तिघांनी मिळून एक चांगला पंप घ्यावा, किंवा भाड्याने आणावा. आपण मळणीयंत्र भाड्याने आणतोच की. नाकापेक्षा मोती जड झाला तर नाकालाच त्रास. ज्याच्याकडे दोन-तीनच जनावरे आहेत, त्याने तर पंपाच्या भानगडीत पडूच नये. दोन घनमीटरच्या घरगुती गोबरगॅसला रोज सुमारे ५० किलो शेण लागते, आणि बाहेर जवळपास १०० लिटर स्लरी येते. ती बादलीने झाडांच्या आळ्यांत जाते. किंवा गोठा शेताच्या वरच्या अंगाला असेल, तर पाटाच्या वाहत्या पाण्यात थोडी थोडी सोडावी. उतार हा सर्वांत स्वस्त पंप. त्याला वीज लागत नाही, आणि तो कधी जळत नाही.

तिसरा प्रश्न, कुठवर न्यायचे? इथे थोडे गणित आहे, पण ते पाढ्यांइतकेच अवघड. समजा खड्डा ३ मीटर खोल आहे. शेताचा सर्वांत उंच कोपरा खड्ड्याच्या काठापासून ४ मीटर वर आहे. झाले ७. आता १५० मीटर पाइपमधून जाताना स्लरी पाइपला घासते. पाण्याला जेवढे घर्षण होते त्याच्या दुप्पट-तिप्पट धरून तीन इंची पाइपला आणखी ८ मीटर मिळवा. एकूण १५. यालाच दुकानात ‘हेड’ म्हणतात.

आपल्याला मिनिटाला ३०० लिटर, म्हणजे सेकंदाला ५ लिटर हवे आहेत. सेकंदाला ५ लिटर १५ मीटर उचलायचे, म्हणजे पाच पंधरे पंचाहत्तर. आणि सेकंदाला ७५ किलो एक मीटर उचलणे, हीच एक अश्वशक्तीची व्याख्या. म्हणजे काम एकाच एचपीचे आहे! पण स्लरीचा पंप मोटारीची सगळी ताकद स्लरीला देत नाही. शंभरातले चाळीस दिले तरी खूप. म्हणून मोटर अडीच एचपीची लागते, आणि आपण बाजारात मिळणारी तीनची घेतो. पाचची गरज कुठेच नव्हती.

आता याच ठिकाणी पैसे वाचवायला म्हणून कुणी तीन इंचीऐवजी दोन इंची पाइप घेतला, तर काय होते? तेवढीच स्लरी न्यायची म्हटली तर घर्षण पाच ते सात पटींनी वाढते. आठाचे चाळीस-पन्नास मीटर होतात. मग पाचचा काय, दहाचा पंपही कण्हतो. पाइपात वाचवलेला पैसा विजेच्या बिलात आणि जळालेल्या मोटारीत दुपटीने जातो. उलट, फार मोठा पाइप घेतला तर स्लरी रेंगाळते आणि गाळ पाइपातच बसतो. सेकंदाला साधारण एक मीटर तरी वेग राहिला पाहिजे. आणि काम संपल्यावर पाच मिनिटे स्वच्छ पाणी चालवून पाइप धुवावा. वाळलेले शेण भिंतीवर शोभते, पाइपात नाही.

आता पंपांचे प्रकार पाहू. विहिरीवरचा नेहमीचा मोनोब्लॉक बहुतेकांच्या घरी असतो, आणि मोह होतो तो खड्ड्यावर आणून बसवण्याचा. त्याचा पंखा दोन्ही बाजूंनी बंद असतो, वाटा अरुंद असतात. स्वच्छ पाण्याला तो उत्तम, पण चघळाचा एक बोळा त्याला बंद पाडतो. दुसरे असे, की हा पंप काठावर बसून ओढणारा. आमचे अब्बा गिऱ्हाइकाला सांगायचे, ‘पंप पाणी ओढत नाही. पंप जागा रिकामी करतो, हवा पाणी ढकलते.’ ही हवा समुद्रसपाटीला पाण्याला जास्तीत जास्त दहा मीटर वर ढकलू शकते. प्रत्यक्षात सहा-सात मीटर मिळाले तरी नशीब. स्लरीत गॅसचे बुडबुडे असतात. ते नळीत साठतात आणि पंपाची ओढ तुटते. म्हणून काठावरचा कोणताही पंप स्लरीपासून तीन-चार मीटरच्या आतच असावा.

दुसरा प्रकार बुडणाऱ्या मड पंपाचा. त्यात ज्याचा पंखा उघडा आणि मागे सरकवलेला असतो, तो चांगला. पंखा भोवरा तयार करतो आणि घाण पंख्याला फारशी न शिवता भोवऱ्यातून निघून जाते. वीज थोडी जास्त खातो, पण अडत कमी. ताकासारख्या स्लरीला हा पुरतो. काहींच्या तोंडाशी कापणारी पाती असतात. चघळ जास्त असेल तर ती उपयोगी, पण पात्यांना धार लावावी लागते आणि खडा आला की ती तुटतात.

तिसरा स्क्रू पंप. रबराच्या पिळदार नळीत पोलादी पिळदार दांडा फिरतो आणि पिठल्यासारखी दाट स्लरीही पुढे सरकत राहते. रेने मोइनो नावाच्या फ्रेंच अभियंत्याने १९३०च्या सुमारास ही कल्पना काढली. लांब अंतरासाठी आणि दाट मालासाठी हा पंप जोरकस. पण त्याच्या दोन खोडी आहेत. कोरडा चालला की काही मिनिटांत रबर जळते. आणि पुढचा व्हॉल्व्ह बंद ठेवून सुरू केला तर दाब वाढत जाऊन पाइप तरी फुटतो, नाहीतर कपलिंग तरी तुटते. ज्याच्या घरी मोटर सुरू करणारे हात रोज बदलतात, त्याने हा पंप दाबाचा आणि कोरडेपणाचा बचाव बसवूनच घ्यावा.

चौथा पडद्याचा, म्हणजे डायफ्राम पंप. माल हळू देतो, पण कोरडा चालला तरी रागावत नाही. छोट्या गोठ्याला बरा. आणि पाचवा प्रकार ट्रॅक्टरमागच्या टँकरचा. यात पंप स्लरीला शिवतही नाही. तो टँकरमधली हवा काढून घेतो आणि बाहेरची हवा स्लरीला आत ढकलते. शेतात गेल्यावर उलटी हवा भरून स्लरी मागे पसरायची. शेत लांब असेल, तुकडे विखुरलेले असतील, तर पाइपापेक्षा हा मार्ग सोयीचा. फक्त ट्रॅक्टरचा तो दांडा मिनिटाला ५४० फेरे फिरतो. त्यावरचे झाकण काढून कधी काम करू नये. पदर, उपरणे, धोतराचा सोगा, काहीही त्यात गेले तर माणूस हात काढून घेण्याआधीच ओढला जातो.

एक-दोन गोष्टी पटकन सांगतो. स्लरीतल्या वायूने तांबे-पितळ काळे पडून खाल्ले जाते, म्हणून स्लरीला लागणारे भाग बिडाचे किंवा स्टेनलेसचे असावेत. मोटारीला अर्थिंग आणि गळती झाली की वीज तोडणारे उपकरण हवेच. ठिबकमधून स्लरी द्यायची तर आधी ती नीट गाळावी लागते. त्याला पंपाचा इलाज नाही. सील आणि रबराचे सुटे भाग किती दिवसांत आणि कुठे मिळतात, हे दुकानात लेखी घ्यावे. आणि शक्य तर पंप विकत घेण्याआधी आपल्याच खड्ड्यावर, आपल्याच स्लरीवर चालवून पाहावा. दुकानातल्या हौदातल्या स्वच्छ पाण्यात सगळेच पंप गुणी असतात.

आता चौथा प्रश्न. पंप अडला तर तो मोकळा करणार कोण आणि कसा?

आपल्याकडे याचे उत्तर ठरलेले असते. घरातला एखादा तरणा मुलगा किंवा गडी शर्ट काढतो आणि आत उतरतो. श्रोतेहो, हे उत्तर आपण बदलले पाहिजे.

९ एप्रिल २०२४ रोजी नेवासे तालुक्यातल्या वाकडी गावात एक मांजर जुन्या विहिरीत पडले. तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले हे गाव. त्या विहिरीत शेणाची स्लरी साठवलेली होती. मांजराला काढायला एक जण उतरला. तो वर येईना म्हणून दुसरा उतरला. मग तिसरा. असे पाच जण गेले, पाचही मेले. कमरेला दोर बांधून उतरलेला सहावा तेवढा वाचला. त्यांच्यातला कुणीही बेपर्वा नव्हता. प्रत्येक जण आधीच्याला वाचवायला गेला होता. अशा खड्ड्यात माणसे बहुतेक वेळा अशीच, एकामागून एक जातात. ज्याला माया आहे, तोच आत उतरतो.

आत नेमके काय असते? शेण कुजताना मिथेन निघतो, कार्बन डायऑक्साइड निघतो आणि थोडा हायड्रोजन सल्फाइड निघतो. शेवटचा हा वायू हवेपेक्षा जड, तळाशी साठणारा. थोडा असला की कुजक्या अंड्यासारखा वास येतो. पण हवेच्या दहा लाख भागांत त्याचे शंभर भाग झाले की नाकच बधिर होते आणि वास येईनासा होतो. माणसाला वाटते, वास गेला, आता हरकत नाही. हजार भागांच्या आसपास गेला तर एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो. तोंडाला ओला रुमाल बांधून काही होत नाही. पूर्वी विहिरीत कंदील सोडून पाहत. तीही रीत इथे चालत नाही, कारण हा वायू कंदिलाने कळत नाही, आणि मिथेन हवेत शंभरातले पाच ते पंधरा भाग असला तर त्याच कंदिलाने स्फोट होईल.

आणि हा वायू सर्वांत जास्त कधी सुटतो? ढवळताना. स्थिर स्लरीत तो बुडबुड्यांत अडकून असतो. ढवळले की एकदम मोकळा होतो. म्हणून ढवळणे सुरू केले की निदान पहिला अर्धा तास माणसांनी आणि जनावरांनी खड्ड्यापासून लांब राहावे. खड्डा गोठ्याच्या जमिनीखाली असेल तर जनावरे आधी बाहेर काढावीत, दारे-खिडक्या उघडाव्यात. काठावर वाकून डोकावू नये, विडी पेटवू नये.

म्हणजे मग पंप निवडण्याची खरी कसोटी कोणती? ज्या पंपासाठी माणसाला कधीही खड्ड्यात उतरावे लागणार नाही, तो पंप चांगला. बुडणारा पंप घ्यायचा तर त्याला गंज न लागणारी साखळी हवी आणि काठापासून आत गेलेले दोन उभे पाइप हवेत, म्हणजे त्यांच्या आधाराने पंप वरूनच उचलता आणि पुन्हा बसवता येतो. काठावर कप्पी अडकवायला खांब हवा. पाइपाचा जोड वरच्या वर सुटला पाहिजे. हे जमत नसेल तर पंप काठावरचा किंवा टँकरचा घ्यावा, म्हणजे अडले तरी ते बाहेर अडते. दुकानदाराला एचपी विचारण्याआधी हे विचारा, ‘हा अडला तर मी कोरड्या जमिनीवर उभा राहून काढू शकतो का?’ तो ‘नाही’ म्हणाला, तर पंप कितीही स्वस्त असो, तिथून उठावे. खड्ड्यावर झाकण, नाहीतर छातीएवढा कठडा, हा पंपाच्या किमतीतच धरावा.

इतके करूनही कुणी आत पडलेच, तर मागे कुणीही उतरायचे नाही. मोटर बंद करायची, ११२ला फोन करायचा. पाठीवर स्वतःच्या हवेची टाकी असलेला अग्निशमन दलाचा माणूसच आत जाऊ शकतो. हे बोलायला सोपे आहे, तिथे उभे राहून पाळायला फार कठीण आहे. म्हणूनच ते आधी, शांतपणी, घरात सगळ्यांना सांगून ठेवावे लागते. बायकांना, मुलांना, गड्याला, सगळ्यांना.

बाकी स्लरी टाकायची ती संध्याकाळी, ऊन उतरल्यावर; भर उन्हात आणि वाऱ्यात तिच्यातला अमोनिया, म्हणजे नत्राचा भाग, उडून जातो. मोठ्या पावसाच्या तोंडावर टाकू नये, ती ओढ्याला जाते. विहिरीजवळ तर नाहीच नाही. पातळ थर द्यावा आणि शक्य तितक्या लवकर मातीत मिसळावा. मग माती त्याची परतफेड करते.

उद्या पंप घ्यायला निघाल, तेव्हा जाताना तेलरंगाचा एक छोटा डबाही यादीत लिहा. पंप बसवण्याआधी खड्ड्याच्या कठड्यावर लांबून दिसेल अशा अक्षरांत लिहून घ्या, ‘आत उतरू नये. कुणी पडले तरी.’ घरात अक्षर ज्याचे चांगले आहे त्याच्याकडून लिहून घ्या, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला ते वाचून दाखवा.